सावन्नाखेतला नुसती बस बदलू नका, मुक्काम करा

थायलंडमधून व्हिएतनामकडे रस्त्याने निघालेले बहुतेक प्रवासी लाओसमधल्या सावन्नाखेतला फक्त बस बदलतात. या गावाला त्याहून बराच जास्त वेळ द्यायला हवा. देवळं, संग्रहालयं आहेतच, पण नदीच्या जिवावर वाढलेलं व्यापारी गाव महामार्गावर आलं की त्याचं काय होतं, ते इथे पायी फिरून बघता येतं. दोन रात्री तरी राहा. तीन मिळाल्या तर उत्तम.

मेकाँगच्या पूर्व काठावर सावन्नाखेत आणि समोरच्या काठावर थायलंडचं मुकदाहान. मधली नदी हीच सरहद्द. फ्रेंचांच्या काळात सगळा माल होड्यांनी यायचा, त्यामुळे व्हिएतनामी आणि चिनी व्यापाऱ्यांनी घाटाजवळच दुमजली घरं बांधली, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. मग डिसेंबर 2006 मध्ये गावाच्या उत्तरेला जपानच्या कर्जातून बांधलेला 1600 मीटरचा पूल सुरू झाला. म्यानमारच्या मॉलम्याइनपासून व्हिएतनामच्या दा नांगपर्यंतच्या व्यापारी रस्त्याचा हा दुवा. ट्रक तिकडे वळले, गोदामं तिकडे गेली आणि विशेष आर्थिक क्षेत्रात जपानी कंपन्यांचे कारखानेही आले. 2011 मध्ये वरच्या अंगाला थाखेकजवळ आणखी एक पूल झाल्यावर काही वाहतूक तिकडे गेली, तरी सावन्नाखेतची वाढ थांबलेली नाही. नवी दुकानं, नवी हॉटेलं उत्तरेच्या आणि पूर्वेच्या रस्त्यांवर उभी राहताहेत, आणि जुनी पेठ नदीकाठी निवांत पडली आहे. गाव बघायचं तर हे दोन्ही भाग बघायला हवेत.

आपल्याकडून जायचं तर मुंबईहून बँकॉक, तिथून रात्रीची बस पकडून सकाळी मुकदाहान. विमान हवं असेल तर उबोन रात्चथानीपर्यंत जाऊन पुढे बस घ्यावी. मुकदाहानच्या बसस्थानकावरून पूल ओलांडणारी बस दिवसभर सुटत असते. पुलावरून चालत जायला परवानगी नाही आणि समोर दिसणाऱ्या होडीने परदेशी माणसाला जाता येत नाही. ती फक्त दोन्ही देशांच्या नागरिकांसाठी आहे. तेव्हा सामान घेऊन घाटावर जाऊ नका, सरळ बसस्थानक गाठा. बस दोन्ही चौक्यांवर थांबते, पण आगमनाच्या वेळी व्हिसा काढणाऱ्याला वेळ लागतो आणि बस तेवढी थांबेलच असं नाही. म्हणून सगळं सामान बरोबर घेऊनच उतरा. ती बस गेली तर मागची येते. पासपोर्टचा फोटो आणि न चुरगळलेल्या डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. ई-व्हिसा काढणार असाल तर तो या पुलावर चालतो का, ते अर्ज भरण्याआधी सरकारी यादीत पाहून घ्या. परत थायलंडमध्ये यायचं असेल तर तिथल्या पुनर्प्रवेशाचा नियमही निघण्यापूर्वीच तपासा.

राहायला जुन्या पेठेतच जागा घ्या. लाओ बसस्थानक गावाच्या उत्तरेला आहे, तिथून टुकटुकने दहा-पंधरा मिनिटं. भाडं बसण्याआधी ठरवा.

जुन्या पेठेचा मध्य म्हणजे 1930 चं सेंट टेरेसा चर्च आणि त्याच्यासमोरचा लांबट चौक. दिवसा इथे सावलीला बसलेली दोन-चार माणसं सोडली तर कोणी नसतं. आजूबाजूच्या घरांचा पिवळा गिलावा सुटलाय, लाकडी झडपांचे रंग उडालेत, काही घरांच्या भिंतींत पिंपळ रुजलाय. 1975 मध्ये कम्युनिस्टांची राजवट आली तेव्हा व्यापारी घराण्यांतली बरीच माणसं देश सोडून गेली आणि घरं तशीच राहिली. आता तरुण मंडळी त्यातली काही घरं डागडुजी करून कॉफीची दुकानं आणि छोटी वसतिगृहं चालवताहेत. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण अशी घरं पाडून काचेची इमारत बांधणं सोपं असतं. तिथे बसून कॉफी प्या, पैसे तिथे खर्च करा. संध्याकाळी त्याच चौकात खाण्याच्या गाड्या लागतात आणि सगळं गाव तिथे लोटतं.

नदीवर सकाळी लवकर जा. होडीच्या धक्क्याजवळ एका बाईंना मी बराच वेळ पाहत होते. समोरून आलेल्या साबणाच्या आणि बिस्किटांच्या खोक्यांचे गठ्ठे त्यांनी उतरवून घेतले, प्रत्येक गठ्ठ्याची सुतळी ओढून पाहिली, एक सैल निघाला तो गुडघ्याखाली दाबून पुन्हा आवळला आणि मग सगळं हातगाडीवर चढवलं. कागदपत्रांवर शिक्का बसेपर्यंत त्या हातगाडीपासून हलल्या नाहीत. मोठा व्यापार पुलावरून जातो हे खरं, पण दुकानापुरता माल आणणाऱ्याला अजून नदीच जवळची.

तो माल पुढे कुठे जातो ते पाहायला उत्तरेचा सावनसाय बाजार गाठा. थायलंडचं प्लास्टिक, व्हिएतनामची कॉफी, चिनी विजेचं सामान, आणि मधोमध खेड्यातून आलेल्या बायका बांबूचे कोंब, रानभाज्या आणि नदीचे मासे घेऊन बसलेल्या. कापडाच्या गाळ्यांवर निळीत रंगवलेलं हातमागाचं सुती कापड मागा. लाहानाम भागातल्या फुथाई समाजाच्या बायका ते विणतात. यंत्रावरचं छापील कापडही तसंच दिसतं, म्हणून उलटी बाजू बघा. हातमागाच्या कापडावर नक्षी दोन्हीकडे उतरते.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींनी नीट वाचावं. इथल्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, तम माक हुंगमध्ये, आंबवलेल्या माशांचा पा डेक नावाचा रस हमखास पडतो. गाडीवरच्या बाईला आधी ‘बो साय पा डेक’ म्हणा, म्हणजे ती तो घालणार नाही. ‘किन चे’ म्हटलं की निखळ शाकाहारी हवंय हे बहुतेकांना कळतं. चिकट भात टोपलीतून येतो, तो हाताने गोळा करून खायचा, आपल्याला ते शिकवावं लागत नाही. फ्रेंच पाव घेऊन त्यात अंडं आणि काकडी घालून मागता येतं. मांसाहारी असाल तर उन्हात वाळवून भाजलेलं गोमांस ही इथली खासियत आहे, त्याच्या जाळ्या घराघरांच्या दारात दिसतात. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारूनच घ्यावं.

गावात वाट सायाफूम हा मोठा मठ नदीच्या काठावर आहे. तिथे भिक्षू बुद्धमूर्तींवर काम करताना दिसतात, विचारून पाहत उभं राहिलं तर कोणी हटकत नाही. बारा किलोमीटरवरचा थाट इंग हांग स्तूप मात्र चुकवू नका. बुद्धाच्या मणक्याचा अवशेष तिथे असल्याची श्रद्धा आहे आणि दक्षिण लाओसमधल्या लोकांसाठी ते मोठं तीर्थ आहे. बायकांना लाओ पद्धतीचं लुंगीसारखं वस्त्र नेसावं लागतं आणि आतल्या गाभाऱ्यात जाता येत नाही. हा नियम मला पटत नाही, पण भोवतालच्या ओवऱ्यांतल्या मूर्तींसाठी तरी जावं असं मी सांगेन. सायकल किंवा स्कूटर भाड्याने घेऊन सकाळीच निघा.

डायनासोर संग्रहालय लहानसं आहे, पण मुलं बरोबर असतील तर नक्की जा. 1936 मध्ये होफे या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने या प्रांतातल्या तांग वाय इथे हाडं शोधली, आणि पुढे त्याचं नाव लावूनच त्या प्राण्याचं शास्त्रीय नामकरण झालं, तांगवायोसॉरस होफेती. सरकारी ठिकाणं दुपारी जेवणाला बंद होतात आणि शनिवार-रविवारचा भरवसा नसतो.

पुढे व्हिएतनामला जाणार असाल तर नऊ नंबरचा रस्ता दिवसाउजेडी करा. सरहद्द सुमारे 240 किलोमीटरवर आहे. वाटेत सेपोन आणि बान दोंग लागतात. 1971 मध्ये दक्षिण व्हिएतनामचं सैन्य याच रस्त्याने हो ची मिन्ह मार्ग, म्हणजे उत्तर व्हिएतनामची रसद नेणारी वाट, तोडायला आत घुसलं होतं, आणि बान दोंगच्या संग्रहालयात त्या लढाईतले रणगाडे ठेवले आहेत. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले न फुटलेले कित्येक अजून जमिनीत आहेत. या पट्ट्यात रुळलेली पायवाट कधीही सोडू नका, लघवीलासुद्धा झुडपात शिरू नका, आणि जमिनीवरचा गंजलेला धातू उचलू नका. मुलांना हे बसमधून उतरण्याआधीच बजावून ठेवा.

पैशांचं थोडक्यात: किप या लाओ चलनाची किंमत गेल्या काही वर्षांत बरीच घसरली आहे, साध्या जेवणाचं बिलही हजारोंत येतं, दचकू नका. थाई बात बऱ्याच दुकानांत चालतात, पण सुटे किपमध्ये मिळतात. लाओसबाहेर किप बदलून घेणारं कोणी भेटणं कठीण, त्यामुळे उरलेले गाव सोडण्याआधीच बदला किंवा खर्चून टाका. भारतीय रुपयांवर अवलंबून राहू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. एप्रिलमध्ये ऊन सोसवत नाही, मात्र लाओ नववर्षाची पाण्याची धुळवड त्याच महिन्याच्या मध्यावर असते. पावसाळा संपताना ऑक्टोबरमध्ये नदीवर होड्यांच्या शर्यती होतात. तेव्हा जायचं असेल तर नदीकाठची खोली आधीच राखून ठेवा, कारण त्या दिवसांत गर्दी फार होते.