चाळीस मीटरची एंड-फेड: एसडब्ल्यूआर झकास, पण ऐकतंय कोण?

हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडसाठी (म्हणजे ७ मेगाहर्ट्झ; वायर त्याच्या साधारण निम्मी) एंड-फेड अँटेना केली, म्हणजे एकाच टोकाला ट्रान्सफॉर्मरमधून सिग्नल दिलेली वायर. गच्चीवरून मागच्या नारळापर्यंत ताणलेली ही वायर पहिल्याच झटक्यात रेडिओशी मॅच झाली, असं मागच्या नोंदीत ऐटीत लिहिलं होतं. ते शब्द गिळतो.

७.० ते ७.२ मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर (मॅच किती चांगला ते सांगणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) १.७, कुठंही हलत नाही. तिथंच पाल चुकचुकायला हवी होती. अर्ध्या वेव्हलेंग्थच्या (रेडिओलहरीच्या निम्म्या लांबीच्या) वायरचा आलेख खाली उतरून परत वर चढतो. सपाट रेघ असते डमी लोडची, म्हणजे पॉवर नुसती उष्णतेत घालवणाऱ्या रेझिस्टरची. आठवडाभर ५० वॅटवर घसा कोरडा केला, उत्तर शून्य. ट्रान्सफॉर्मरचा डबा मात्र हाताला चटका देत होता.

शेवटी वायर सोडवली आणि नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) नुसत्या ट्रान्सफॉर्मरला लावला. दुसरं टोक मोकळं, लोड काहीच नाही. तरी एसडब्ल्यूआर १.६! म्हणजे 'मॅच' होत होता तो कोअर, ट्रान्सफॉर्मरच्या आतली फेराइटची रिंग. जुन्या यूपीएसच्या लाइन फिल्टरमधून काढलेली ती हिरवी रिंग मँगनीज-झिंकची. कमी फ्रिक्वेन्सीला उत्तम, ७ मेगाहर्ट्झला निव्वळ शेगडी. फुकटचा माल असा महागात पडतो.

मग ७ मेगाहर्ट्झला चालणारा एफटी२४०-४३ कोअर मागवला. इनॅमल वायर उद्यमनगरातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणली. रिंग बघून तो म्हणाला, "काय ओ, ह्याच्यावर कितीची मोटर चालवतायसा?" प्रायमरी २ वेढे, सेकंडरी १४; सातास एक, म्हणून इम्पीडन्स ४९ पट. सेकंडरीवर वायरच्या जागी २२०० आणि २२० ओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये लावले: २४२० भागिले ४९, म्हणजे ४९.४, रेडिओला हव्या असलेल्या ५० ओहमच्या जवळ. एसडब्ल्यूआर १.२. रेझिस्टर काढल्यावर थेट दहाच्या आसपास. आता जीवात जीव आला. नवीन कोअर गुंडाळलात की ही मोकळ्या टोकाची चाचणी आधी करा, वायरला कात्री नंतर. (चाचणी व्हीएनएवरच, रेडिओ लावून नको.)

वायर जोडली तर एसडब्ल्यूआरच्या आलेखात दरी दिसली, पण ६.८२ मेगाहर्ट्झवर. शिवाय कोअॅक्स (रेडिओ ते ट्रान्सफॉर्मरची केबल) हातात धरला की आकडा नाचायचा, म्हणजे करंट कोअॅक्सच्या बाहेरून परत येत होता. त्या करंटला वाट म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला २ मीटरची काउंटरपॉइज वायर दिली, रेडिओच्या बाजूला फेराइटवर कोअॅक्सचे वेढे घालून त्याला अडवणारा चोक केला. नाच थांबला.

लांबी २०.६० मीटर होती. दरी ७.१० वर हवी, तर २०.६० गुणिले ६.८२ भागिले ७.१० म्हणजे १९.७९. ८० सेंटिमीटर जास्त. कापली नाही, टोक मागं दुमडून पिळलं. एकदा कापलेली वायर वाढत नाही. आता दरी ७.०९ ला, एसडब्ल्यूआर १.३.

परवा सकाळी ४० वॅटवर बंगळूरहून ५९ (स्पष्ट आणि जोरदार ऐकू येतंय) असा रिपोर्ट मिळाला. संध्याकाळी पाऊस झोडपून गेला आणि दरी ४० किलोहर्ट्झ खाली सरकली. आपल्याकडचा पाऊस, म्हणजे चार महिने हे असंच. बँडच्या आत आहे, चालवून घेतोय.

याच वायरवर १४ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर अजून २.६ आहे. तो उतरवायला प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर लावायचाय. खोक्यात एक सापडलाय, पण त्यावरचा व्होल्टेजचा आकडा पुसलाय.