घड्याळ मागे गेले आणि मेक गप्प बसले

दिवाळी झाल्यावर दोनच दिवसांनी लातूरहून मामेभावाचा फोन आला, तेव्हा येथे स्टुटगार्टमध्ये मी नुकताच कार्यालयात पोहोचलो होतो आणि तिकडे दुपार कलली होती, कारण ऑक्टोबरअखेर येथील घड्याळे एक तास मागे सरकतात आणि आपल्यातले अंतर साडेतीनऐवजी साडेचार तासांचे होते. "दादा, हमालीचा दर बदललाव, तरी पट्टीवर जुनाच आकडा येलालाय," असे तो वैतागून सांगत होता.

मामांचे मार्केट यार्डात आडतीचे दुकान आहे. सोयाबीनची आवक सुरू झाली की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाची हिशेबाची बिले, हातानेच कराव्या लागतात, म्हणून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या पोराने सुटीत दुकानातल्या जुन्या संगणकावर सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. वजनाची एक फाइल, हमाली-तोलाईची दुसरी, पट्टी छापणारी तिसरी, आणि त्या सर्वांना जोडण्यासाठी माझ्याच सांगण्यावरून केलेली एक मेकफाइल, म्हणजे 'मेक' या प्रोग्राम बांधणाऱ्या साधनासाठीच्या नियमांची फाइल. त्यामुळे तक्रार माझ्याकडे येणे न्याय्यच होते.

परदेशात मी नेमके काय करतो, असे गावाकडे पुष्कळ जण विचारतात. मोटारीच्या भागांसाठी प्रोग्राम लिहितो, हे उत्तर अर्धेच खरे आहे. दिवसातला बराच वेळ काळ्या पडद्यावर 'मेक' असे टंकून, शेकडो फाइलींपैकी कोणत्या नव्याने संकलित होत आहेत, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणल्या जात आहेत, हे पाहण्यात जातो. मेकला आपण नियम लिहून देतो: अमुक फाइल तमुक फाइलींवर अवलंबून आहे आणि ती तयार करण्याची आज्ञा ही. मग ते दोन्हींच्या शेवटच्या बदलाची वेळ पाहते. तयार माल, म्हणजे त्या नियमातून बनणारी फाइल, नसेल किंवा मूळ फाइल तिच्यापेक्षा नवी असेल तरच आज्ञा चालवते, नाहीतर करण्यासारखे काही नाही असे कळवून थांबते. फाइलीच्या आत काय लिहिले आहे, याच्याशी त्याला काहीही देणेघेणे नसते.

हे साधन १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिले, आणि त्याचे निमित्त मामेभावाच्या तक्रारीशी विलक्षण जुळणारे आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एक चूक दुरुस्त केली होती, परंतु ती फाइल पुन्हा संकलित करायची राहून गेली आणि बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली. नियमातील आज्ञेची ओळ टॅबनेच, म्हणजे टॅबच्या कळीने उमटणाऱ्या रुंद मोकळ्या जागेनेच, सुरू झाली पाहिजे, ही जाचक अटही तेव्हाचीच. ती बदलावी असे वाटेपर्यंत डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची घडी विस्कटायला फेल्डमन तयार नव्हते. त्या डझनभरांच्या सोयीसाठी जगाने पुढची पन्नासेक वर्षे टॅब मोजले. मीही येथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यात अडकलो होतो. मी ज्यात लिहीत होतो त्या एडिटर प्रोग्रामने टॅबच्या जागी चार रिकाम्या जागा घातल्या होत्या, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते, आणि 'मिसिंग सेपरेटर' एवढाच संदेश वाचत मी अर्धा दिवस काढला. शेजारच्या जर्मन सहकाऱ्याने एक अक्षर न बोलता ती ओळ खोडली, टॅबची कळ दाबली आणि तो कॉफी प्यायला निघून गेला.

मामेभावाच्या फाइलीत टॅब ठीक होते. मी त्याला संपूर्ण पडद्याचा फोटो पाठवायला सांगितला, तेव्हा त्याने न वाचताच सोडून दिलेली सूचना दिसली: फाइलीची वेळ भविष्यातली आहे, घड्याळात तफावत आढळली. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१०.

मग उलगडा झाला. लक्ष्मीपूजनानंतर यार्ड बंद, म्हणून मामांनी दुकानाचा मेन स्विच पाडला होता. संगणकाच्या मदरबोर्डवरचा, रुपयाएवढा चपटा सेल मेलेला असल्यामुळे वीज जाताच घड्याळ मूळ तारखेवर गेले, आणि तेथे इंटरनेट नसल्याने ते आपोआप दुरुस्तही झाले नाही. आदल्या आठवड्यात तयार झालेल्या फाइलीवर खरी तारीख होती, आज दुरुस्त केलेल्या हमालीच्या फाइलीवर २०१० ची. मेकच्या हिशेबाने तयार माल मूळ फाइलीपेक्षा नवाच होता.

सेल बदलून आणि तारीख बरोबर करूनही आकडा तोच आला, तेव्हा पोरगा हिरमुसला. घड्याळ सुधारले तरी फाइलीवर उमटलेली वेळ जुनीच राहते, हे सांगायचे मीच विसरलो होतो. सगळेच नव्याने बांधायला लावता आले असते, पण त्याला फरक दिसावा म्हणून मी 'टच' ही आज्ञा केवळ हमालीच्या फाइलीवर चालवायला सांगितली. तिने मजकुराला हात न लावता वेळ तेवढी आजची होते. पुन्हा मेक चालवल्यावर दोनच ओळी उमटल्या, हमाली संकलित झाली आणि पट्टी जोडली गेली. वजनाच्या फाइलीला मेकने स्पर्शही केला नाही.

नवा आकडा आला. फोनवर मागून मामांचा आवाज ऐकू येत होता. ते कागदावर तीच पट्टी हाताने करून पाहत होते.