बिदर : महमूद गवानचा मदरसा कसा पाहावा

लातूर रोड, उदगीर, भालकी, बिदर. लातूरकडून बिदरला जाणारी रेल्वे ही अशी आहे. रस्त्याने उदगीरहून साठ-सत्तर किलोमीटर पडतात. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे लातूर-उदगीरच्या माणसाला या गावात परकं वाटत नाही. बाजारात दखनी, कन्नड आणि मराठी एकाच दुकानात ऐकू येतात. बहुतेक पाहुणे थेट किल्ला गाठतात. मी सांगेन, आधी चौबारा गाठा. गावाच्या मधोमध असलेल्या या गोल उंच बुरुजापासून किल्ल्याकडे जो रस्ता निघतो, त्याच रस्त्यावर मदरसा आहे. अंतर चालण्याजोगं आहे.

सकाळीच जा. इमारतीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे उरलेल्या रंगीत फरश्यांवर कोवळं ऊन तेव्हाच पडतं. दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत जातो आणि निळा-हिरवा रंग मळकट दिसू लागतो.

समोर उभं राहिलं की उजव्या हाताला, म्हणजे उत्तर टोकाला, एकच मिनार दिसतो. उंची सुमारे 130 फूट. त्याच्या अंगावर रंगीत फरश्यांची नागमोडी नक्षी आहे. डाव्या टोकाला असाच दुसरा मिनार होता. तो गेला, आणि त्याच्याबरोबर मधला दरवाजा आणि दक्षिणेचा मोठा भागही गेला. 1657 मध्ये औरंगजेबाने बिदर घेतल्यावर मुघलांनी इथे सैन्य ठेवलं, दारूगोळाही साठवला. 1696 च्या सुमारास त्या दारूचा भडका उडाला. वीज पडून तो उडाला असंही सांगतात. विद्यालयाच्या खोल्यांत दारूची कोठारं केली, ही या वास्तूच्या इतिहासातली सगळ्यात दुःखाची गोष्ट आहे. त्या भडक्याआधी ऐंशी-नव्वद वर्षं तिच्याबद्दल लिहिणाऱ्या फरिश्ता या इतिहासकाराला ती इतकी टवटवीत वाटली होती, की जणू नुकतीच बांधून झाली आहे.

हे विद्यालय उभारणारा महमूद गवान मूळचा इराणातल्या गीलानचा. तो व्यापारी होता. 1453 मध्ये समुद्रमार्गे आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला, तिथून बिदरला आला आणि चढत चढत बहमनी राज्याचा वजीर झाला. मदरसा 1472 मध्ये पूर्ण झाला. त्याची हिजरी तारीख कुराणातल्या ‘रब्बना तकब्बल मिन्ना’ (प्रभो, आमच्याकडून हे स्वीकार) या शब्दांत गुंफलेली आहे. अरबी अक्षरांना ठरलेल्या किमती असतात. त्या मांडल्या तर रब्बना 253, तकब्बल 532, मिन्ना 91, बेरीज 876. कागदावर स्वतः मांडून पाहा, चोख जुळते.

आता आत या. इमारत सुमारे 205 फूट बाय 180 फूट, मध्ये साधारण 100 फुटांचा चौक आणि भोवती तीन मजले. उत्तर, पश्चिम आणि दक्षिण या बाजूंच्या मधोमध एकेक मोठं दालन, तिन्ही मजल्यांच्या उंचीचं. शिकवणं इथे चाले. उरलेल्या जागेत विद्यार्थ्यांच्या 36 खोल्या आणि शिक्षकांची 6 निवासस्थानं होती. मशीद आणि ग्रंथालय याच आवारात. ग्रंथालयात 3000 हस्तलिखितं होती असं सांगतात. जेवण आणि राहणं विद्यार्थ्यांना मोफत होतं. म्हणजे हे खरंखुरं निवासी महाविद्यालय होतं, आणि त्याची आखणीही तशीच आहे. हा आराखडा खुरासानातला. इराणमधल्या खारगिर्दचा 1444 चा मदरसा त्याचा जवळचा नातेवाईक. गवानने विद्वानही तिकडूनच बोलावले. हेरातचा फारसी कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता, पण जामी काही आला नाही.

उत्तरेची बाजू धड आहे, पण बांधणी समजून घ्यायची तर दक्षिणेच्या पडक्या बाजूकडे जा. तिथे भिंतींची जाडी दिसते, कमानी एकमेकींवर कशा रचल्या ते कळतं. मग बाहेरून पूर्ण फेरी मारा. चौकातून चौकोनी वाटणारी दालनं मागच्या अंगाला कोन घेऊन पुढे आलेली आहेत, माथ्यावर घुमट आहे. ही बाजू फारच थोडे लोक पाहतात.

फरश्या का गळल्या, याचं उत्तरही भिंतीवरच आहे. त्या दगडात कोरून बसवलेल्या नाहीत, चुन्याच्या गिलाव्यावर चिकटवल्या आहेत. एक फरशी निघाली की फटीतून पावसाचं पाणी मागे शिरतं, गिलावा फुगतो आणि शेजारच्या चार सुटतात. म्हणून काठाला बोट लावून ‘पक्की आहे का’ हे कृपा करून पाहू नका.

गवानचा शेवट वाईट झाला. बाहेरून आलेले आफाकी आणि इथले दखनी, या दोन गटांत दरबार फाटलेला होता. गवान स्वतः आफाकी, तरी दोघांना तोलून धरायचा. पण त्याने चार सुभ्यांचे आठ केले आणि सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. ज्यांची सत्ता त्यामुळे घटली, त्यांनी त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला बनावट पत्र लिहवलं. सुलतान तिसऱ्या मुहम्मदाने चौकशी न करता 5 एप्रिल 1481 रोजी त्याला मारवलं. पुढच्या काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले. त्यातली अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही आपल्या इतिहासात पदोपदी भेटतात.

वेळ असेल तर त्याची कबरही पाहा. ती गावाबाहेर गोरनळ्ळीला आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘गवान’ म्हणाल तर तो मदरशाशीच आणून सोडेल. गोरनळ्ळीचं नाव घ्या आणि परतीचं भाडंही आधीच ठरवा.