येझदी रिपोर्ट: बीपीच्या फुग्याने लावला छडा

माझी जुनी येझदी मोटारसायकल चढावर गरम होऊन बंद का पडते, ते सापडलं एकदाचं. डायनॅमोच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीची, बाहेरची हवा इंजिनात शिरू न देणारी रिंग. "आम्ही तर पहिल्यापासून सांगत होतो" म्हणणाऱ्यांनो, जरा दम धरा. सील एअर घेत होतं हे बरोबर, पण आपण सगळे ज्या जागेवर बोट ठेवून बसलो होतो तिथून नव्हे. आणि थंड इंजिनावर तर ते मुळीच घेत नव्हतं. म्हणून तर इतके महिने हाताला लागलं नाही.

उजळणी थोडक्यात. गाडी १९७६ ची, बी टाइप मॉडेल, टू-स्ट्रोक. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू, दोन्ही सायलेन्सर एका ठोक्यात. कोल्हापुरात दिवसभर फिरवा, रंकाळ्याला चकरा मारा, तक्रार नाही. पण केर्ली सोडून जोतिबाच्या चढाला लागली की अर्ध्या डोंगरात नाटक सुरू. आधी थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येईना, मग हेडमधून कडकड, मग पिकअप गायब, मग बंद. सावलीला लावायची, कुणाच्या तरी टपरीवर चहा प्यायचा, तोवर बया शांत. एका किकला पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

ठिणगीच्या बाजूचं, कंडेन्सर आणि कॉइलचं रामायण मागे सांगून झालंय, ते परत नको. पेट्रोलचा कॉक साफ, टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं, फ्लोटची लेव्हल बरोबर. करंटचा नाद सोडायला लावला तो प्लगने. बंद पडल्यापडल्या काढलेला प्लग दर वेळी खडूसारखा पांढरा, म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. दुसरी खूण मला जास्त पटली: रेस वर अडकलेली असताना कार्बोरेटरचा टिकलर (जास्तीचं पेट्रोल सोडणारं बटण) दाबला की ती लगेच खाली यायची. वरून जास्तीचं पेट्रोल मिळाल्यावर इंजिन शहाणं होतंय, म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा आत येतेय.

आमच्या मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "सील तर नवीन टाकलंय नव्हं आपण? मग काय नाय हो, बोअर काढूया." मिस्त्रींचा हात सोन्याचा आहे, पण कुठल्याही दुखण्यावर बोअर काढायचा, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करायचा, हा त्यांचा जुना जोश. सिलिंडर ठणठणीत आहे. ६५ मिमीच्या बोअरला उगीच ओव्हरसाइजची एक पायरी खर्ची घालायला माझी तयारी नव्हती.

मग ठरवलं, अंदाज पुरे, आता प्रेशर टेस्ट: इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि ती टिकते का बघायचं. परदेशातले टू-स्ट्रोकवाले यासाठी तयार किट घेतात. मी मेडिकलमधून घड्याळवालं बीपी मशीन आणलं. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. म्हणजे ५.८ पीएसआय. क्रँककेसच्या (ज्या पेटीत क्रँक फिरतो तिच्या) टेस्टला साधारण सहा पीएसआय लागतं, आणि मिनिटाला एक पीएसआयपेक्षा, म्हणजे या काट्यावर पन्नासेकपेक्षा, कमी उतरलं तर चालतं असा ढोबळ नियम. हे यंत्र जणू आपल्यासाठीच बनवलंय. पट्टा बाजूला काढला, फुगा आणि काटा ठेवला. बाबांनी विचारलं, "गाडीला बीपी आहे का?" म्हटलं, "असायला पाहिजे, तेच तर टिकत नाही."

बुचं कशी केली ते नीट सांगतो, कारण यावर मी खूश आहे. एक्झॉस्टची दोन तोंडं असल्यामुळे आपल्याला काम डबल. पण पाइप धरून ठेवणारी रिंग नटच इथे कामाला येते. ट्रकच्या ट्यूबमधून गोल चकत्या कापल्या, त्यांच्या मागे पत्र्याची चकती लावली आणि पाइपऐवजी तेच रिंग नटमध्ये आवळलं. हवेचा टिपूस बाहेर येत नाही. इनटेकला रबरी बूच ठोकून बसवलं. हवा भरायची प्लगच्या भोकातून: जुन्या प्लगचं पोर्सिलेन फोडून काढलं आणि उरलेल्या लोखंडी भागात उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून निप्पल ब्रेझ करून घेतलं. पिस्टन पार खाली आणून ठेवायचा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात आणि वर भरलेली हवा क्रँककेसपर्यंत पोचते. हे विसरलात तर नुसता सिलिंडर तपासून घरी जाल.

भरली हवा. काटा ३००. चहा पिऊन आलो. काटा जवळजवळ तिथेच.

त्या संध्याकाळी मी खरोखर बोअर काढायच्या विचाराला लागलो होतो. बेस गॅस्केट, हेड, क्रँककेसचा जोड, सगळीकडे साबणाचं पाणी लावून झालं, एक बुडबुडा नाही. गिअरबॉक्सचं ऑइलचं बूच उघडून कान लावला, डाव्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूच्या सीलमधूनही काही नाही. इंजिन एकदम घट्ट, आणि तरी डोंगरावर ते हवा घेतंच होतं.

मग डोक्यात आलं की मी थंड इंजिन तपासतोय आणि दुखणं गरम इंजिनाचं आहे. पहिला बेत असा होता की जोतिबावरून आल्या आल्या पाइप काढून बुचं लावायची. पण त्या रिंग नटांना गरम असताना हात लावलेल्यांना कळेल की हा बेत किती वेळ टिकला. त्यापेक्षा रंग उतरवायची हीट गन आणली. डायनॅमोचा स्टेटर आणि आर्मेचर काढलं, सील उघडं केलं, आणि बाहेरून क्रँककेस सावकाश तापवायला घेतली. हात ठेवता येणार नाही इतकी तापवायची, त्याच्या पुढे नाही, नाहीतर रबराचीच वाट लागते.

काटा हलला. आधी जरासा, मग ३०० वरून बघता बघता १०० च्या खाली. ब्रशने साबणाचं पाणी मारलं. क्रँकच्या दांड्याला जिथे सीलचा ओठ घासतो तिथे काही नाही. बुडबुडे येत होते बाहेरच्या कडेने, सीलचा लोखंडी गोल जिथे केसमध्ये बसतो तिथून. खालच्या बाजूला एक, मग तीन-चार, मग अर्धी कड फसफसायला लागली. एकट्याने ओरडलो. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, "काय झालं हो?" काही नाही काकू, बुडबुडे आले.

आता हिशोब बघा. ॲल्युमिनियम तापलं की एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२. सीलचा बाहेरचा व्यास हिशोबाला ५० मिमी धरा आणि तापमान ८० अंशांनी वाढलं असं धरा. केसचं भोक सीलपेक्षा ०.०४ मिमीने जास्त मोठं होतं. लेथवाल्याकडे बोअर गेजने भोक मोजलं, मायक्रोमीटरने सील मोजलं: सील भोकापेक्षा फक्त ०.०३ मिमीने मोठं. थंड असताना घट्ट, घाटात मोकळं. आणि एकदा हवा घ्यायला लागलं की मिक्श्चर लीन, लीन झालं की इंजिन आणखी गरम, गरम झालं की कड आणखी मोकळी. शहरात तेवढं तापतच नव्हतं.

भोक थोडं झिजलंय हे मान्य. आजवर किती जणांनी स्क्रूड्रायव्हर खुपसून सील उपटलं असेल देव जाणे, कडेला ओरखडे दिसतात. पण सीलही कमी मापाचंच होतं, "ओरिजिनल क्वालिटी" असं छापलेल्या पाकिटातून आलेलं. ज्याने पाठवलं त्याचं नाव घेत नाही, त्यानेही कुठून तरी पोत्याने उचललं असणार. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तेव्हापासून आपण सगळे या पाकिटांच्या भरवशावर आहोत. माझं मत विचाराल तर जुना कंपनीचा स्टॉक मिळाला तर गिअर घ्या, क्रँकपिन घ्या, लिव्हर घ्या, पण रबर घेऊ नका. तीस वर्षं रॅकवर पडलेलं सील पाकिटातच म्हातारं झालेलं असतं.

सील घ्यायचं तर गाडीचं नाव सांगूच नका. येझदीचं सील मागितलं की तेच पाकीट समोर येतं, वर "अँटिक गाडी" म्हणून भाव वेगळा. बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या औद्योगिक दुकानात जा आणि तीन आकडे सांगा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मी बाहेरून पूर्ण रबर असलेलं, व्हायटनचं (उष्णता आणि पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं) घेतलं. लोखंडी कडेपेक्षा रबरी कड भोकाबरोबर फुगते आणि ओरखडेही भरून काढते. व्हायटन महाग आहे, पण हल्लीच्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये साध्या रबरापेक्षा ते जास्त तग धरतं. हातासरशी कार्बोरेटरमधला मेन जेटही (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर वाढवला. इथेनॉल म्हणजे मिक्श्चर आणखी लीन, आणि आपल्याला आता लीन या शब्दाचीच ॲलर्जी झालीय. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल मात्र तेच, लिटरला ४० मिली, त्यात बदल नाही.

भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने साफ केली, सीलंटचा अगदी पातळ हात दिला, आणि जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून सील सरळ दाबलं. हातोडा नाही. रात्रभर सुकू दिलं. सकाळी परत फुगा, परत हीट गन. काटा ढिम्म.

आर्मेचर परत बसवताना ठिणगीचं टायमिंग डायल गेजने लावलं, पॉइंटचा गॅप ०.४ मिमी. आणि एक लहानशी मजा झाली. डायनॅमो उघडलाच होता म्हणून कम्युटेटर साफ केला आणि नवीन ब्रश टाकले. सहा व्होल्टचा तो दिवा, ज्याच्यामुळे मी अंधार पडायच्या आत घरी यायचो, आता रस्ता दाखवतो. खड्डाही दाखवतो. चार्जिंगचा लाल दिवा थोडी रेस दिली की विझतो. मी सिग्नलला उगीच रेस देऊन तो विझवत बसतो.

घरी होंडाची सीबी ३५० आहे हे तुम्हाला माहीत आहे. या सगळ्या महिन्यांत तिनेच ऑफिसला नेलं-आणलं. बटण दाबलं की सुरू, पाऊस असो, थंडी असो. तिच्याबद्दल लिहायला माझ्याकडे एक वाक्य नाही, आणि हा तिचा दोष नाही. एका मित्राने सुचवलं की येझदीचंच वेड असेल तर २०२२ ला आलेली नवी घे, नावही तेच आहे. चालवून बघितली. लिक्विड कूल्ड, फोर-स्ट्रोक, छान गाडी आहे. पण ती पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून मागत नाही, किकचाच दांडा पुढे करून गिअर टाकायला लावत नाही, आणि तिचं सील कुठल्या कडेने हवा घेतंय हे शोधायला मला कुणी शनिवार-रविवार दिला नसता. मित्र म्हणाला, "म्हणजे तुला गाडी नको, दुखणं पाहिजे." असेल. पण सील बसल्यावर जोतिबाचा शेवटचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल सोडताच रेस खाली येत असताना चढलो, तेव्हा मला पायऱ्यांपाशी थांबून गुलालाच्या दुकानासमोर कुणाला तरी ते सांगायचं होतं. एक फुलवाला सापडला. त्याच्या वडिलांकडे राजदूत होती, त्यामुळे त्याने नीट ऐकून घेतलं.

खात्री म्हणून लगेच खाली उतरून पुन्हा चढवली. प्लग काढला: कॉफीचा रंग.

बेत असा होता की जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा-येझदी दिनाला, गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी आणि परत चढून यायचं. करूळ बंद असला तर भुईबावडा. पण हे लिहिता लिहिता एक शंका आली. मी टेस्ट फक्त प्रेशरची केली. चालत्या इंजिनात क्रँककेस दाबतेही आणि ओढतेही, आणि सीलचा ओठ एका बाजूने धरतो तसा दुसऱ्या बाजूने धरेलच असं नाही. डाव्या सीलला मी नुसता कान लावून पास केलंय, तेही थंड असताना. गिअरबॉक्सचं ऑइल मागच्या वेळेपेक्षा किंचित खाली आहे, आणि सकाळी पहिल्या किकला जो निळा धूर येतो तो पेट्रोलमधल्या टू-टी ऑइलच्या मानाने जरा जास्तच आहे, म्हणजे डाव्या सीलमधून गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जात असेल. आतापर्यंत लीनच्या भानगडीत तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

तर बेत बदलला. घाटाच्या आधी १०० मिलीची सिरिंज लावून, हवा ओढून व्हॅक्यूम टेस्ट, डावी बाजू गरम करून. आणि खरं सांगायचं तर टेस्टची वाट न बघता डावं सीलही बाहेरून रबर असलेलंच आणून ठेवतोय, कारण ते त्याच पाकिटातून आलं होतं. त्यासाठी प्रायमरी, म्हणजे डावीकडचं क्लचचं घर, उघडावी लागेल, क्लच काढावा लागेल. माझा क्लचचा पुलर (क्लच ओढून काढायचं हत्यार) मागे एकाने नेला तो परत आला नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात कुणाकडे चांगल्या आट्याचा पुलर असेल तर आठवड्यासाठी द्या. बदल्यात बीपीचा फुगा आणि दोन्ही बुचं घेऊन जा, चकत्या मी नव्या कापून देतो.