सोबतीचा रकाना

मी एका कार्यक्रम करणाऱ्या ग्रुपचं ऑफिसचं काम बघते, म्हणजे गाड्या ठरवणं, जेवणाचं बघणं आणि शेवटी मानधनाचं शीट बनवणं. २०२५ च्या श्रावणात, कानबाईचे रोट (आमच्या खानदेशातला देवीचा सण) होऊन गेल्यावर, धुळ्यात अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम होता. आयोजकांकडून ऐनवेळी बजेट कमी झालं आणि मला सांगितलं गेलं की शीटमधल्या तीन ओळी काढ. मी काढल्या. एक फुलांची, एक जादा माइकची आणि एक होती 'आप्पांसोबत भाचा, ५०० रुपये'. मला तेव्हा त्यात काहीच वाटलं नाही, हे आधीच सांगते.

आप्पा आमचे पेटीवाले. पारोळ्याकडचे, वय ४४, जन्मापासून दिसत नाही. भाचा नेहमी सोबत असतो आणि आम्ही सगळे समजायचो की तो हात धरून आणायला येतो, बस.

त्या दिवशी आप्पा एकटेच निघाले. आमचे ५०० तर गेलेच होते, पण त्याच्याआधी चार महिन्यांपासून त्यांचं सरकारच्या निराधार योजनेचं अनुदानही बंद होतं. तेव्हा महिन्याला १५०० मिळायचे आणि त्यातूनच ते भाच्याची बुडालेली मजुरी भरून द्यायचे. पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात यायला लागले आणि यांचं खातं जोडलेलं नव्हतं म्हणून थांबले. बँकेत गेले तर अंगठा जुळेना (पट्ट्यांवर बोटं घासून घासून रेषा पुसल्यात), मग तिथं म्हणे डोळ्यांचं स्कॅन करू. जन्मांध माणसाला! नंतर एका ऑफिसात कोणीतरी सुनावलं की तुम्ही तर पेटी वाजवून कमवता, तुम्हाला कशाला पाहिजे. भाचा बिचारा रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला गेला, काय करणार.

पाऊस जोराचा. ट्रॅफिकमुळे एसटीनं स्टँडच्या आधीच उतरवलं, आप्पांच्या फोनमध्ये पाणी गेलं आणि दीड तास त्यांचा पत्ताच नाही. मी रिक्षा करून शोधत फिरले. शेवटी एका चहाच्या टपरीवर सापडले, गुडघा फुटलेला आणि अंगातला रेनकोट पेटीला गुंडाळलेला. मी रडकुंडीला आलेले, म्हटलं आप्पा, एकटे का आलात? ते शांतपणे बोलले, "ताई, पेटी ते मी वाजाडस, पन माले पेटीपावत कोन लई जाई?" म्हणजे पेटी तर मी वाजवतो, पण मला पेटीपर्यंत कोण नेणार?

पेटीचं लाकूड ओलीनं फुगतं, तशी एक पट्टी दाबली की वर येईना. ग्रीनरूममध्ये टेबलफॅनसमोर पेटी उघडून ठेवली, आप्पा बोटानं एकेक पट्टी चाचपत बसले. कार्यक्रमाला वीस मिनिटं होती आणि त्यांनी विचारलं, भाच्याच्या जागेवर कोण बसणार?

मी बसले, दुसरं कोण होतं. आणि तिथं मला कळलं की तो पोरगा दोन-अडीच तास काय करतो. निवेदिकेकडून चिठ्ठी येते की चौथ्या गाण्याऐवजी सातवं घ्यायचं, ती आप्पांना कानात सांगायची. गायिका हातानं दाखवते की ध्रुवपद परत घ्या, तेव्हा खांद्यावर एकदा टॅप. संपवायचं असेल तर दोनदा. माइक सरकला तर सांगायचं, टाळ्यांच्या गजरात पाहुणे स्टेजवर येत असले तर पेटी जरा मागं घ्यायची, आणि हे सगळं प्रेक्षकांना दिसणार नाही असं. माझी नजर गायिकेवरून हटली एकदा, दुसरा टॅप उशिरा पडला आणि सगळे थांबल्यावर पेटी एकटीच एक ओळ पुढं गेली. लोक हसले. आप्पांचा चेहरा मी बाजूनं बघितला. चूक माझी होती आणि हसले लोक त्यांना.

रात्री जेवताना मी भाऊंना, म्हणजे आमच्या ग्रुपच्या मालकांना म्हटलं की ती ओळ परत टाकायची. ते म्हणाले, एका वादकामागं दोन माणसांचे पैसे कसे द्यायचे, उद्या सगळे मागतील. मी म्हटलं भाऊ, एसटीला समजतं हो. साध्या गाडीत अंध माणसाला ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असलं तर सोबत्यालाही ५० टक्के आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही दाखवला मोबाईलवर, त्यात तर भेदभावाच्या व्याख्येतच लिहिलंय की गरजेची वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, आणि कलेबद्दल वेगळं कलम आहे, २९ नंबरचं. भाऊ वाईट माणूस नाहीत. पण त्यांना कायद्यानं नाही पटलं, गायिका जेव्हा बोलली की मला पेटी वेळेवर थांबायला पाहिजे आणि ते भाच्याशिवाय होत नाही, तेव्हा पटलं.

मला अजूनही राग येतो तो 'कमवता ना' ह्या वाक्याचा. ते अनुदान बंद झालं तर माणूस कमवायलाच बाहेर पडू शकत नाही, इतकं साधं आहे. सरकारनं ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं अनुदान २५०० केलं, चांगलंच केलं, पण आप्पांचे १५०० च अडकलेले. मग मी स्वतः दोन सुट्ट्या टाकून त्यांच्यासोबत बँक आणि तहसील केलं. राज्यातल्या ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५००० मानधन आहे, वय ५० लागतं पण दिव्यांगांना १० वर्षं सूट आहे, म्हणजे आप्पा वयात बसत होते आणि एकानंही सांगितलं नव्हतं. तोही अर्ज भरलाय, जुने कार्यक्रमांचे फोटो आणि कात्रणं शोधता शोधता भाच्याचा जीव मेटाकुटीला आला.

डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत कार्यक्रम होता. शीट मी बनवलं. भाच्याचं नाव वादकांच्या खाली वेगळ्या ओळीत, कामाच्या रकान्यात 'मंच सहायक', ६०० रुपये आणि तिकीट. त्यानं सही करताना दोनदा वाचलं आणि आप्पांना वाचून दाखवलं. अनुदान त्याच्या पुढच्या महिन्यात सुरू झालं, मधल्या महिन्यांचं अजून आलेलं नाही.