मागच्या सीटवर पंख घेऊन काटोलला

नोव्हेंबरातल्या रविवारी पहाटे साडेपाचला नागपूरच्या त्रिमूर्तीनगरहून निघालो, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या गोधडीत गुंडाळलेला १४० सेंटीमीटरचा पंख तिरपा ठेवला होता. पुढे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आम्ही दोघांनी घरी बनवलेल्या रिमोटच्या विमानाचं धड मांडीवर घेऊन बसले होते. घर सोनेगाव विमानतळाच्या जवळ. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय रिमोटचं विमानही उडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून काटोल. साठेक किलोमीटर.

फेटरी मागे पडलं, कळमेश्वरला तर्री-पोहे खाल्ले. मामाजी उभ्यानंच खात होते, एक डोळा गाडीवर. पुढे संत्र्यांनी भरलेल्या गाड्या समोरून येऊ लागल्या. आंबिया बहार उतरत होता.

अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. त्याचा फोटो पाहिला तेव्हापासून आपणही विमान बनवायचं हे माझ्या मनात होतं. बसून उडायचं विमान माझ्या आवाक्यातलं नव्हतं, पण सव्वा किलोच्या आतलं होतं. मामाजींनी आयुष्यभर बल्लारशाच्या सागवानावर रंधा चालवला. बाल्साची पहिली फळी हातात घेऊन ते म्हणाले, "हे लाकूड होय का कापूस, बेटा?" सागवानाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढंच त्याचं वजन. पण दोनच दिवसांत त्यांच्या हाताला ते कळलं. पंखाच्या बावीस बरगड्या त्यांनीच कापल्या. पंखाचा छेद 'क्लार्क वाय' नावाचा, खालून जवळपास सपाट आणि वरून फुगीर. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ साली आखलेला हा आकार नवशिक्या हातांना सांभाळून घेतो. डावीकडची चौथी बरगडी मामाजींनी तीनदा कापली. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मला दिसत नव्हता, त्यांना दिसत होता. मी मोटर, सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), वायरिंग पाहिलं आणि वरची नारिंगी पारदर्शक फिल्म इस्त्रीनं ताणून बसवली.

मामाजींच्या भाच्याचं वावर सोयाबीन निघून मोकळं झालं होतं. पंख रबर बँडनी बांधला. पुढच्या कडेपासून सहा सेंटीमीटरवर दोन बोटांनी तोलून पाहिलं, विमान सपाट राहिलं. मग रिमोटची कांडी उजवीकडे नेली, तर उजव्या पंखाची झडप वर जायच्या ऐवजी खाली गेली. पोटात गोळा आला. तसंच सोडलं असतं तर उजवीकडे वळवताना ते डावीकडे कलंडलं असतं आणि तीन महिन्यांचं काम तीन सेकंदांत संपलं असतं. रिमोटमध्ये ती दिशा उलटी केली, चारदा तपासली.

मामाजींनी चिमूटभर कुटार सोडून वारा पाहिला. वाऱ्याकडे तोंड करून चार पावलं धावले आणि विमान सरळ पुढे ढकललं. ते थोडं दबलं, मग चढू लागलं.

हात थरथरत होते. विमान डावीकडे झुकत होतं. डाव्या टोकाशी डिंक जास्त झालाय हे मला घरीच माहीत होतं. रिमोटवरच्या ट्रिमचे, म्हणजे झुकाव सावरायच्या बटणाचे, तीन टिचके उजवीकडे दिले आणि ते सरळ झालं. हा आनंद मला आधी कोणी सांगितला असता तरी समजला नसता. तिथं वर जे झुकत होतं, ते का झुकतंय हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. कुठल्या सांध्यावर आम्ही संध्याकाळभर भांडलो होतो, कुठली वायर मी दोनदा सोल्डर केली होती, सगळं त्या आवाजात ऐकू येत होतं.

मोठं वळण घेऊन ते सूर्यासमोरून गेलं. नारिंगी फिल्ममधून उजेड आरपार आला आणि आतली एकेक बरगडी स्पष्ट उमटली.

"पाय ना बेटा, सारेच्या सारे दिसून राह्यले!" मामाजी कपाळावर हात धरून मोजू लागले. दुसऱ्या फेरीत मोजणी पूर्ण झाली. "बावीसच्या बावीस हायेत."

आठ मिनिटांचा टायमर वाजला. मोटर बंद केली, विमान तरंगत आलं आणि सोयाबीनच्या फणकटात नाक टेकवून थांबलं. कुठं काही तुटलं नाही. मामाजींनी चौथ्या बरगडीवरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत.

मी दुसरी बॅटरी लावेपर्यंत ते विमान उचलून वाऱ्याकडे तोंड करून उभेही राहिले होते.