आमची वाटचाल : ‘डिस्क कोरी आहे’ या संदेशाच्या पुढे

व्हिडिओ कॅसेटवरचं डीव्हीडीवर उतरवून देणं हे आमचं पहिलं काम. कॅसेटला बुरशी धरायची, टेप अडकायची, आणि डीव्हीडीत आलं की सुटलो असं सगळेच मानायचे. काही वर्षांनी लोक डिस्कच घेऊन यायला लागले. बहुतेक त्या घरच्या रेकॉर्डरवर किंवा हँडीकॅमवर भरलेल्या रीरायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या (आरडब्ल्यू) डिस्क असायच्या. प्लेअरला लावल्या की ‘नो डिस्क’, संगणकाला लावल्या की ‘डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करायची का?’ संगणक कोरी म्हणतो ती डिस्क खरंच कोरी असते का, या प्रश्नाच्या मागे लागलो आणि धंद्याने वळण घेतलं. कॉपी करून देणं मागे पडलं, वाचवून देणं हेच काम झालं.

आरडब्ल्यू डिस्कचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागला. एकदाच लिहायच्या डिस्कवर सेंद्रिय रंगाचा थर असतो. आरडब्ल्यूवर मिश्रधातूचा थर असतो, पुष्कळदा चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा. लेझरने तो थर वितळवून झटकन थंड होऊ दिला की तिथे कमी चकाकणारा ठिपका राहतो. थोडं कमी तापवलं की ठिपका पुन्हा स्फटिकरूप होतो आणि पुसला जातो. म्हणून एकाच जागी साधारण १००० वेळा लिहिता येतं. याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. छापील एकपदरी डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परतवते, आरडब्ल्यू जेमतेम १८ ते ३०. ड्राइव्हचं लेझर थकलं की पहिला फटका आरडब्ल्यूला बसतो, बाकीच्या डिस्क चालतच राहतात आणि दोष बिचाऱ्या डिस्कवर येतो. त्यामुळे आलेली डिस्क आम्ही आधी दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हना दाखवतो. काही वेळा काम तिथेच संपतं.

खरी गुंतागुंत फायनलाइझ न केलेल्या डिस्कची. रेकॉर्डिंग संपल्यावर यंत्र डिस्कच्या आतल्या कडेला, म्हणजे लीड-इनमध्ये, कुठे काय आहे याची नोंद लिहितं आणि बाहेरच्या बाजूला शेवटाची खूण करतं, यालाच फायनलाइझ करणं म्हणतात. बॅटरी संपली, वीज गेली, किंवा ‘नंतर करू’ म्हणून राहून गेलं, तर चित्रण जागेवर असतं पण नोंद नसते. अनुक्रमणिका फाटलेल्या पुस्तकाची सगळी पानं शाबूत असावीत, तसं. ड्राइव्ह मात्र अनुक्रमणिका नाही म्हणजे पुस्तकच नाही असं समजतो.

हे डोळ्यांनीही दिसतं. हँडीकॅमची आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क हातात घ्यायची आणि दिव्याखाली तिरपी धरायची. लिहिलेला भाग मधल्या भोकापासून बाहेर पसरत जातो आणि त्याची छटा उरलेल्या भागापेक्षा वेगळी दिसते. अशी एक डिस्क आमच्याकडे आली तेव्हा संगणक तिला कोरी म्हणत होता आणि वेगळ्या छटेचा पट्टा जवळजवळ कडेपर्यंत पोचला होता. आम्ही सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीचे ठराविक मापाचे तुकडे, थेट वाचून दाखवणारा ड्राइव्ह जोडला. प्रत्येक सेक्टर २०४८ बाइटचा. पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकू लागल्या आणि सेक्टरच्या सुरुवातीला ००, ००, ०१, बीए हे चार बाइट दिसले. डीव्हीडीवर चित्रण एमपेग या पद्धतीने साठवतात, आणि त्याचा प्रत्येक पॅक, म्हणजे गठ्ठा, याच खुणेने सुरू होतो. खूण दिसली म्हणजे चित्र आहे. टेबलाभोवतीचे सगळे त्या क्षणी उठून उभे राहिले होते.

तेव्हापासूनचा आमचा नियम : आधी वाचायचं, दुरुस्ती नंतर. डिस्कवर एक बाइटही लिहायचा नाही. कॅमेऱ्यात घालून फायनलाइझ करा हा सल्ला सर्रास दिला जातो. कॅमेरा धडधाकट असेल आणि डिस्क निरोगी असेल तर तो बरोबरही आहे, पण डिस्क अडखळत असेल तर फायनलाइझ करताना कॅमेरा तिच्यावर लिहिणार, आणि ते आम्हाला नको असतं. जीएनयू डीडीरेस्क्यूसारखी साधनं सोपे सेक्टर आधी उचलतात, अवघड मागे ठेवतात आणि काय राहिलं याचा नकाशा फाइलमध्ये जपतात. तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर राहिलेले सेक्टर मागायचे, मग तिसऱ्यावर, कधी उलट दिशेने. एका ड्राइव्हने नाकारलेलं दुसरा निमूटपणे देतो. आमचं कपाट जुन्या ड्राइव्हनी भरलं आहे ते यासाठीच.

पुन्हा पुन्हा पुसून भरलेल्या डिस्कवर आणखी एक पेच असतो. व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) या रेकॉर्डरच्या पद्धतीने भरलेल्या डिस्कवर सगळं चित्रण एकाच व्हीआरओ फाइलमध्ये साठतं आणि कुठला तुकडा कधी दाखवायचा हे दुसरी छोटी फाइल सांगते. ती गेली की मधल्या रिकाम्या झालेल्या जागांत नंतर भरलेले प्रसंग भलत्याच क्रमाने बाहेर येतात. अशा वेळी पॅकमधलं घड्याळ कामी येतं. प्रत्येक पॅकवर वेळेचा आकडा असतो, आणि तो अचानक मागे किंवा पुढे उडाला की तिथे एक तुकडा संपून दुसरा सुरू झाला. आम्ही त्या खुणांवर तुकडे वेगळे करतो आणि क्रम घरच्यांनाच लावायला सांगतो. कोणाचे केस तेव्हा लांब होते, भिंतीला कुठला रंग होता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आमची नजर सर्वात जास्त बदलली ती आवाजाच्या बाबतीत. सुरुवातीला चित्र स्वच्छ आलं की काम झालं असं आम्ही धरायचो. पण चित्रण करणारा माणूस चित्रात नसतोच. ‘इकडे बघ, अगं इकडे’ एवढाच तो असतो, आणि पुष्कळदा घरच्यांना तोच हवा असतो. आवाजाला एक तांत्रिक सवलतही आहे. डीव्हीडीवर त्रुटी सुधारणारा गट ३२ किलोबाइटचा. तेवढा भाग गेला तर सेकंदाचा सुमारे विसावा हिस्सा जातो. पण चित्रं एकमेकांवर टेकून साठवलेली असल्याने पडद्यावर अर्धा सेकंदही बिघडू शकतो. एसी-३ या डीव्हीडीवरच्या नेहमीच्या पद्धतीने साठवलेल्या आवाजाची चौकट, म्हणजे एक तुकडा, मात्र ३२ मिलिसेकंदांची आणि आपल्यापुरती पूर्ण, त्यामुळे पुढचा आवाज लगेच सावरतो. आता आम्ही आवाज वेगळा काढून तपासतो आणि चित्र पार गेलेल्या जागीही आवाज ठेवतो. तिथे पडदा काळा राहिला तरी चालेल, माणूस बोलत राहिला पाहिजे.

जे होत नाही ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. नुसतं ‘क्विक इरेज’ (झटपट पुसणं) झालं असेल तर बहुधा आतली नोंदच गेलेली असते, प्रयत्नाला जागा आहे. पूर्ण पुसलेली किंवा वर नवं भरलेली जागा मात्र परत येत नाही, तिथला थर नव्याने घडलेला असतो आणि जुन्याचा वाचण्याजोगा मागमूस राहत नाही. भोकापासून चिरलेली डिस्क आम्ही ड्राइव्हमध्ये फिरवत नाही. हातात काही आलं नाही तर पैसे घेत नाही. लोकांचं खासगी आयुष्य पुढ्यात असतं, म्हणून तपासण्यापुरतंच बघतो, आणि ग्राहकाने आपली प्रत चालवून पाहिली की आमच्याकडची पुसतो.

सध्या आम्ही ड्राइव्हच्या शोधात असतो. नव्या लॅपटॉपमधून ते गेले, आणि जुन्यांतले चांगले वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. बंद पडलेल्या रेकॉर्डरमधला ड्राइव्हही आम्ही काढून, साफ करून, चाचणी घेऊन ठेवतो. डिस्क पाठवणाऱ्यांना एवढीच विनंती : ती कुठल्या यंत्रावर भरली होती ते पाकिटावर लिहा (डिस्कवर चिकटपट्टी लावू नका, तोल जातो), ते यंत्र घरात असेल तर चालत नसलं तरी सोबत द्या, आणि संगणकाने ‘फॉरमॅट करायची का?’ विचारलं तर ‘नाही’ दाबून डिस्क बाहेर काढा.